मदत हवी आहे : श्रीलंकेत मे महिन्यातली सफारी, सोबत सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी

शमिका_नाशिक

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीलंकेला जायचं ठरतंय. मुंबई-कोलंबो विमान, हातात सात रात्री. आम्ही चौघं: मी, नवरा, सासूबाई (वय ७१, गुडघे दुखतात, जिन्याला आधार लागतो) आणि मुलगी (वय ९, हिला गाडी लागते). सगळे शाकाहारी.

टूरवाल्यांनी दिलेला कार्यक्रम असा: पिन्नावला, हबरनाला हत्तीवर रपेट, मिन्नेरियात संध्याकाळची सफारी, मग कँडी, एल्ला, याला अभयारण्यात अर्धा दिवस, उदावलवेत अर्धा दिवस, शेवटी मिरिसाला देवमासे.

मला विचारायचंय ते असं:

१. तीन-तीन अभयारण्यं करण्यात अर्थ आहे का?
२. यालात जीपची जत्रा असते असं वाचलं. तिथे जावं की टाळावं?
३. सासूबाईंना जीप झेपेल का? ताडोबाला जिप्सीत त्यांची पाठ धरली होती.
४. प्राण्यांना त्रास होईल असं यात काय काय आहे? ते आधीच काढून टाकायचंय.

---

रानवारा

शमिका, चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर दिलं की पहिले तीन बरेचसे आपोआप सुटतात.

हत्तीवरची रपेट सरळ काढून टाका. हत्तीची पाठ मधोमध उंच असते आणि मणक्याची हाडं वर आलेली असतात. हौदा आणि माणसं यांचा भार नेमका तिथेच येतो. शिवाय माणसं पाठीवर घ्यायला तयार झालेला हत्ती कशा रीतीने तयार केलेला असतो, ते वेगळं सांगायला नको.

पिन्नावला १९७५ साली अनाथ पिल्लांसाठी सुरू झालं, पण तिथले हत्ती रानात परत जात नाहीत. मुलीला पिल्लं दाखवायची असतील तर उदावलवेला वन्यजीव खात्याचं संगोपन केंद्र आहे, १९९५ पासून. तिथे पिल्लं मोठी करून परत रानात सोडतात, म्हणून माणसाशी लळा लागू देत नाहीत. आपण लांबच्या कठड्यामागे बसायचं. दर तीन तासांनी दूध पाजतात. पिल्लं धावत येतात, नळीने दूध पितात आणि हाकलली की परत जातात. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, हात लावणं नाही. दुधाच्या वेळा हॉटेलवाल्याकडून त्याच दिवशी विचारून घ्या.

मिन्नेरियाचा हत्तींचा मोठा मेळावा साधारण जुलैअखेर ते सप्टेंबर असतो. हा तलाव तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधला. उन्हाळ्यात त्याचं पाणी आटलं की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं, त्यासाठी कळप जमतात. मेमध्ये पाणी भरपूर, गवत पाण्याखाली, म्हणजे मेळावा नाही. (मोरगहकंद धरणाचं पाणी या तलावात सोडलं की ऐन हंगामातसुद्धा गवत बुडतं.) त्या एका संध्याकाळसाठी उत्तरेकडे चढून पुन्हा दक्षिणेला उतरणं म्हणजे सासूबाईंचे दोन दिवस नुसते गाडीत.

मिरिसाच्या देवमाशांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मेमध्ये तो समुद्र खवळायला लागतो. गाडी लागणाऱ्या मुलीला त्या बोटीत बसवू नका.

माझं मत: फक्त दक्षिण करा. पहिली रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला. मग द्रुतगती मार्गाने उदावलवे (जेवणासह साडेचार-पाच तास धरा), तिथे तीन रात्री. मग तिस्समहारामला (यालाजवळचं गाव, थोडक्यात तिस्स) दोन रात्री आणि शेवटची गॉलला. दोन अभयारण्यं, पण निवांत.

---

पाणथळ

रानवारांशी सहमत. उदावलवेवर जोर का द्यायचा, तर तिथे हत्ती बारा महिने दिसतात. अभयारण्य (३०८ चौरस किमी, १९७२ पासून) धरणाच्या जलाशयाभोवती आहे आणि बराच भाग उघडं गवत. म्हणजे हत्ती लांबून दिसतो, जीप त्याच्या अंगावर न्यावी लागत नाही. पाण्यात उभ्या वाळक्या झाडांवर पाणकावळे आणि गरुड बसलेले असतात. आपल्या कोकणातला मलबारी कवड्या धनेश तिथेही आहे. घाणेरीही आहे दुर्दैवाने, आणि तिने गवताची बरीच जागा खाल्ली आहे.

एक गोष्ट आवर्जून. तनमल्विल ते उदावलवे रस्त्यावर विजेच्या कुंपणाच्या आत नर हत्ती उभे दिसतील. बाहेर फळांच्या टपऱ्या असतात, लोक गाड्या थांबवून केळी-कलिंगड फेकतात. चालकही कौतुकाने थांबवेल. थांबू नका. फळांसोबत प्लास्टिक पोटात जातं आणि रस्त्याची चटक लागलेला नर कुंपण मोडायला शिकतो. मग त्यात माणूस मरतो किंवा हत्ती. बुत्तल-कतरगाम रस्त्यावर तर हत्ती वाहनं अडवून खायला मागतात. तिथे काचा वर आणि खाऊच्या पिशव्या सीटखाली.

---

शमिका_नाशिक

खूप आभार. उत्तर भाग कापला. आता यालाचं सांगा. मुलीला बिबट्या बघायचाच आहे.

---

रानवारा

याला टाळाच असं मी म्हणणार नाही. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, त्यामुळे बिबट्या तिथला जमिनीवरचा सर्वांत मोठा शिकारी आहे. तो दिवसाही उघड्यावर येतो, खडकांवर पसरून पडतो. यालाच्या ब्लॉक १ मध्ये (पर्यटक जातात तो मुख्य भाग) बिबट्यांची दाटी जगात गाजलेली आहे.

आता गर्दी का होते ते समजून घ्या. रस्ते एका गाडीच्या रुंदीचे. चालकांकडे मोबाइल. एकाला बिबट्या दिसला की त्याचा फोन दहा जणांना जातो आणि सगळे तिकडे पळतात. आत ताशी २५ किमीची मर्यादा आहे, ती मोडतात. धुरळा उडतो, पुढचे मागे येऊ शकत नाहीत, आणि मधे सापडलेल्या बिबट्याला रस्ता ओलांडता येत नाही. त्यात पर्यटक 'अजून पुढे घ्या' म्हणतात आणि टीपही त्यालाच देतात जो पुढे घुसवतो.

म्हणून जीप ठरवतानाच लिहून कळवा: फोन आला तरी गाडी पळवायची नाही, प्राणी दिसला की इंजिन बंद, पाच-सात जीपा आधीच असतील तर आम्ही थांबणार नाही, आणि बिबट्या दिसला नाही तरी टीप ठरलेलीच मिळेल. हे शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. चालकाच्या डोक्यावरचा ताण उतरतो आणि तो निवांत चालवतो. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा बघा.

सोमवार ते गुरुवार जा. मेमध्ये वेसाक पौर्णिमा असते, दोन दिवस सुट्टी, सगळा देश फिरायला निघतो. ती तारीख बघून तिस्सचे दिवस मागेपुढे करा. बहुतेक जीपा पालटुपाना गेटने जातात. कटगमुव गेट त्यामानाने शांत, आधी सांगितलं तर चालक तिकडून नेतात.

मेचा एक फायदा सांगतो. मे ते जुलै पालूची फळं पिकतात. पालू म्हणजे आपली खिरणी, कुठे रांजण म्हणतात ती. त्या पिवळ्या फळांसाठी अस्वल झाडावर चढतं आणि दिवसाढवळ्या दिसायची शक्यता वाढते. चालकाला 'पालूची झाडं दाखवा' म्हणा. बिबट्यामागच्या रांगेतून सुटका आणि पदरात अस्वल.

---

माळरान_४१

थोडं वेगळं मत. यालाला पूर्ण दिवस घ्या. सकाळच्या जीपा दहाच्या सुमारास बाहेर पडतात, दुपारच्या दोन-अडीचला येतात. मधले चार तास रस्ते रिकामे, आणि पाणवठ्यावर बसलं तर भरपूर दिसतं. दोन अर्ध्या दिवसांत दोन्ही वेळा गर्दीतच असता.

---

रानवारा

माळरान, एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण ७१ वर्षांचे गुडघे बारा तास त्या जीपमध्ये नकोत. आत कुठेही उतरता येत नाही, समुद्रकाठच्या पटनंगलासारख्या ठरलेल्या जागीच पाय मोकळे करता येतात. मेमध्ये दुपारी ३३-३४ अंश आणि दमट. शमिका, नवरा-बायकोपैकी एकाने मुलीला घेऊन पूर्ण दिवस करावा आणि दुसऱ्याने सासूबाईंसोबत तिस्सला थांबावं, असंही जमेल. तलावाकाठी संध्याकाळ छान जाते आणि मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही तिथलंच प्रसिद्ध आहे.

---

पाणथळ

जीप आणि पाठ यांबद्दल नीट लिहिते, कारण अडचण इथेच होते.

तिथली जीप जिप्सीसारखी नसते. पिकअपच्या मागच्या हौद्यावर उंच खुर्च्या बसवलेल्या, बहुधा दोन-दोनच्या तीन रांगा, वर छप्पर, बाजू उघड्या. चढायला लोखंडी शिडी, आणि पहिली पायरी जमिनीपासून गुडघ्याहून वर. घडीचं प्लास्टिक स्टूल (नऊ-दहा इंच उंच) बॅगेत टाका. आधी दुखरा नसलेला पाय वर. उतरताना तोंड जीपकडे ठेवून, दुखरा पाय आधी खाली.

सगळ्यात मागची रांग मागच्या चाकांच्या बरोबर वर किंवा त्याच्याही मागे येते. प्रत्येक खड्ड्याला तिथला माणूस उडतो. सासूबाईंना चालकाच्या पाठीमागची पहिली रांग द्या, मुलीलाही तिथेच. नजर लांब समोर राहिली की मळमळ कमी होते. मोबाइलवर खेळ नाही. गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी अर्धा तास. पहाटे उपाशी नेऊ नका, दोन कोरडी बिस्किटं तरी.

कमरेमागे टॉवेलची गुंडाळी आणि बसायला चार बोटं जाड उशी. खड्डा दिसला की पाठ खुर्चीला न टेकवता पुढचा दांडा धरून किंचित सैल बसायचं. ताठ टेकून बसलं की दणका सरळ मणक्यात जातो. चालकाला 'हेमिन यन्न' म्हणा, म्हणजे हळू चला. एरवी इंग्रजी समजतंच, पण सिंहलीत सांगितलं की हसून ऐकतात.

जीप स्वतःसाठी पूर्ण घ्या, अनोळखी लोकांसोबत वाटून नको. तिकिटात माणशी शुल्क वेगळं आणि गटाला व गाडीला लागणारं शुल्क वेगळं, वर कर. त्यामुळे वाटून घेतल्याने वाचतं जीपचं भाडं आणि गटाच्या शुल्कातला वाटा, पण निघायचं कधी आणि थांबायचं किती हे हातात राहत नाही. जीपचा भाव विचारताना 'प्रवेशशुल्क धरून की सोडून' हे पहिलं विचारा, बहुतेक भांडणं तिथेच होतात. पासपोर्ट सोबत ठेवा.

---

शमिका_नाशिक

@पाणथळ, हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं, स्टूलचं त्यांना फार पटलं! पहाटे नक्की कधी निघायचं? आणि जेवणाचं काय?

---

पाणथळ

गेट सहाला उघडतं, संध्याकाळी सहाला बंद. तिस्सहून पालटुपाना पाऊण तास धरा, तिकिटाची रांग वेगळी. म्हणून पावणेपाचला जीप दारात हवी. आदल्या रात्री हॉटेलला सांगून न्याहारी बांधून घ्या. गेटवर स्वच्छतागृह वापरूनच आत जा, तिघींनीही.

उदावलवेत पहिल्या दिवशी दुपारची सफारी करा, अडीच ते सहा. प्रवास करून आल्यावर पहाटे उठवू नका. दुसऱ्या दिवशी संगोपन केंद्र आणि आराम, तिसऱ्या दिवशी पहाटेची सफारी.

शाकाहारात एकच मेख: खोबऱ्याच्या 'पोल सांबोल'मध्ये बहुतेक वेळा उंबलकड, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. दिसत नाही. काही भाज्यांतही टाकतात. प्रत्येक ठिकाणी 'उंबलकड नको' असं नाव घेऊन सांगा, नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही. परिप्पू (मसूर डाळ), इडिअप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया), फणसाची भाजी, भात हे तेवढं विचारून घेतलं की बिनधास्त.

अर्ध्या दिवसाला माणशी एक लिटर पाणी, स्टीलच्या बाटल्यांत. आत काही टाकायचं नाही, केळीचं सालसुद्धा. धुळीसाठी ओढणी किंवा सुती पंचा. मलेरिया तिथून गेला आहे (जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तसं जाहीर केलं), पण डेंग्यू आहे, संध्याकाळी आणि सकाळी हातपाय झाका.

---

माळरान_४१

हत्तीजवळचं थोडं, कारण त्रास देणारे चालक आणि धोका दोन्ही इथे भेटतात.

कान संथ हलत असतील, शेपूट डुलत असेल, तोंड चालू असेल तर हत्ती मजेत आहे. खाणं थांबलं, कान पसरून ताठ झाले, डोकं वर गेलं, शेपूट उचललं किंवा पायाने माती उडवायला लागला की तो सांगतोय, लांब व्हा. तिथे फोटोसाठी एक सेकंदही थांबायचं नाही, चालकाला मागे घ्यायला सांगायचं. डोळा आणि कान यांच्यामध्ये ओला काळा ओघळ दिसला तर नर माजावर आहे. कळपात पिल्लू असेल तर जीप कधीही त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये उभी करायची नाही.

मुलीला एक सांगून ठेवा: सुळे नाहीत म्हणजे मादी, असं तिथे चालत नाही. श्रीलंकेत सुळेवाले नर फार थोडे, बहुतेक नर मकनेच. कपाळ बघायचं. नराचं सोंडेच्या मुळाशी फुगीर असतं.

ड्रोनला बंदी आहे, फ्लॅश नको.

---

शमिका_नाशिक

शेवटचा प्रश्न. उदावलवेत साडेतीन तास हत्तीच हत्ती. मुलगी कंटाळली तर?

---

माळरान_४१

मग एकाच हत्तीजवळ वीस मिनिटं थांबा, इंजिन बंद करून. गवत खाताना बघायला सांगा. आधी पुढच्या पायाच्या नखांनी गवताचा झुबका मुळाशी सैल करतो, सोंडेने पिळून उपटतो. मग तो झुबका गुडघ्यावर आपटतो, दोनदा, तीनदा, मुळांची माती झडेपर्यंत, आणि मगच तोंडात. माती राहिली तर परत आपटतो. उपटतानाचा चर्र आवाज जीपपर्यंत येतो. मुलीला मोजायला लावा, कोणता हत्ती किती वेळा झटकतो. पिल्लांना हे जमत नाही, ती नुसतीच सोंड फिरवत बसतात.

आणि तिच्यासाठी वेगळी दुर्बीण न्या. ८×४२ नऊ वर्षांच्या हाताला जड पडेल, ८×३२ बरी. पट्टा आखूड करून छातीवर राहील असा बांधा, नाहीतर पहिल्याच खड्ड्याला दांड्यावर आदळते.