लाल कोळी हा कीटक आहे का? सूक्ष्मदर्शकाखाली काहींना सहा, तर काहींना आठ पाय दिसले

प्रश्न : द्राक्ष बागायतदार, निफाड

नमस्कार. निफाड तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीअखेर ऊन तापू लागले तशी पाने वरून तांबूस पडू लागली आणि पान उलटून पाहिले, तेव्हा शिरेलगत बारीक जाळी व हलणारे ठिपके दिसले. औषधांच्या दुकानात मी "पानाखाली बारीक किडे आहेत" एवढेच सांगितले. तेथून मिळालेले कीटकनाशक फवारले, पण दहा-बारा दिवसांत तांबूसपणा शेजारच्या ओळींतही पसरला.

माझी मुलगी नववीत आहे. तिने ते पान शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि आठ पाय असल्यामुळे हे कीटक नाहीत, असे सांगितले. मात्र त्याच पानावर तिला सहा पायांचेही सापडले, म्हणून ती गोंधळली आहे. बागेतील संधिपाद, म्हणजे सांध्यांचे पाय असलेल्या, प्राण्यांची तिने यादी केली आहे : मिलीबग (पिठ्या ढेकूण), मुंगी, शेणखताच्या ढिगातील वाणी, पाटातील खेकडा, गोगलगाय आणि गांडूळ. ही यादी बरोबर आहे का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : प्राणिशास्त्राची अध्यापिका, नाशिक रोड

दादा, आपल्या मुलीने दोन्ही वेळा पाय बरोबर मोजले आहेत. लाल कोळी अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याला सहाच पाय असतात. पहिली कात टाकल्यावर चौथी जोडी येते आणि पुढे आयुष्यभर आठ पाय राहतात. म्हणून एकाच पानावर तिला दोन्ही प्रकार दिसले. संशय आला की पायांबरोबर डोक्यावरच्या मिश्या, म्हणजे शृंगिकाही पाहाव्यात. कीटकाला शृंगिकांची एक जोडी असते आणि शरीराचे डोके, वक्ष व उदर असे तीन भाग असतात. लाल कोळ्याला शृंगिका नसतातच, आणि त्याचे शरीर एकसंध पिशवीसारखे दिसते. तो विंचू, गोचीड आणि घरात जाळे विणणारा कोळी यांच्या गोतावळ्यातला आहे. मराठीत दोघांनाही कोळी म्हणतात, ते या बाबतीत अगदी योग्य आहे.

आता यादीविषयी. गोगलगाय आणि गांडूळ ही दोन नावे खोडावी लागतील. गांडुळाचे शरीर वलयांचे असले, तरी त्याला सांध्यांचे पाय नसतात आणि बाहेरून टणक कवचही नसते. गोगलगायीचा शंख तिच्याबरोबर वाढत जातो, ती तो कधी टाकून देत नाही. संधिपाद प्राण्यांचे मात्र सगळे आयुष्य कवचाभोवती फिरते. काइटिन नावाच्या चिवट पदार्थाचे हे कवच एकदा घट्ट झाले की वाढत नाही, म्हणून आतल्या प्राण्याला वाढायचे असेल तर जुने कवच फोडून बाहेर यावे लागते आणि नवे कवच घट्ट होईपर्यंत मऊ, असहाय अवस्थेत लपून राहावे लागते. याशिवाय खंडांचे शरीर, सांधे असलेले पाय आणि शरीराच्या पोकळीत मोकळे फिरणारे रक्त ही त्यांची इतर लक्षणे आहेत.

वाणी हा बहुपादांपैकी असून त्याच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. गोमेला प्रत्येक खंडाला एकच जोडी असते आणि तिची पहिली जोडी विषारी नांगीत बदललेली असते. खेकडा व कोळंबी कवचधारी गटात येतात आणि त्यांना शृंगिकांच्या दोन जोड्या असतात. ओल्या कुंडीखाली सापडणारा, हात लावताच गोळी होणारा राखाडी जीवही याच गटातला आहे, हे मुलांना सांगितले की ती हमखास दुसऱ्या दिवशी एक पकडून आणतात. अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून तर असे दिसते की कीटक हे गोमेपेक्षा खेकड्याच्या अधिक जवळचे आहेत.

उत्तर २ : द्राक्ष उत्पादक, दिंडोरी

ताईंनी सांगितलेला फरक फवारणीत फार महाग पडतो. कीटकांसाठीची पुष्कळशी औषधे कोळ्यावर चालत नाहीत. विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी कोळ्याला खाणारे बारीक भुंगेरे व परभक्षी कोळी मरतात आणि लाल कोळी मोकाट सुटतो. आपल्या बागेत बहुधा हेच झाले असावे. दुकानात "किडे" न म्हणता "लाल कोळी" म्हणावे आणि कोळीनाशकच मागावे. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी वापरले जाणारे गंधकही कोळ्यावर उपयोगी पडते, पण कडक उन्हात त्याने पाने व घड करपतात. माल काढणीला आला असेल, तर लेबलवरील काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी व काढणी यांत सोडायचे दिवस) पाहिल्याशिवाय काहीही फवारू नये.

मिलीबग मात्र खरा कीटक आहे. मादीला पंख नसले तरी सहा पाय असतात आणि अंगावर मेणाचा थर असतो. बुप्रोफेझिनसारखे औषध काइटिन तयार होऊ देत नाही, त्यामुळे पिल्ले कात टाकताना मरतात. वाढ पूर्ण झालेल्या मादीवर त्याचा तसा परिणाम होत नाही. म्हणून खोडाची सुटलेली साल काढून पिल्ले असतानाच फवारणी करावी लागते.

प्रश्नकर्ता : द्राक्ष बागायतदार, निफाड

दोघांचेही मनापासून आभार. मुलीने पाटातला खेकडा दोन दिवसांपूर्वी बादलीत ठेवला होता. आज सकाळी बादलीत दोन खेकडे दिसले. एक पोकळ आणि निश्चल, दुसरा जिवंत पण पिठाच्या गोळ्यासारखा मऊ. ताई, ही कातच ना?

उत्तर : प्राणिशास्त्राची अध्यापिका, नाशिक रोड

होय, ती कातच आहे. तिला पोकळ कात उलटून मागच्या बाजूने पाहायला सांगा. पाठीचे कवच तेथे उघडलेले असेल, कारण खेकडा मागे सरकत त्यातूनच बाहेर पडतो. आत कल्ल्यांवरचे पातळ आवरणही सापडेल, आणि जठराचे अस्तरसुद्धा तो कातीबरोबर टाकतो. सध्या त्याचे शरीर पाणी शोषून फुगलेले आहे, म्हणून त्याला हातात घेऊ नका. पाहून झाल्यावर कात बादलीतच राहू द्या, कारण नवे कवच घट्ट करण्यासाठी लागणारे कॅल्शियम मिळवायला खेकडे पुष्कळदा स्वतःची कात खातात. एखादा दगड आडोशाला ठेवा आणि कवच कडक झाले की संध्याकाळच्या वेळी त्याला पुन्हा पाटात सोडा.