'स्पेशल कन्सल्टंट'ला विशेष सल्लागार म्हणावं का?

विचारणा: अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थांवरचा एक मजकूर मराठीत आणतोय. 'विशेष सल्लागारांची भरती व मानधन यांवर मर्यादा' असं लिहिलंय. चालेल का?

उत्तर: 'मानधन' आधी काढा. मानधन घेणारा बैठकीला येतो, मत देतो आणि जातो. हे लोक एनआयएच (आरोग्य संशोधन), सीडीसी (रोगनियंत्रण), एफडीए (अन्न व औषध नियमन) या सरकारी संस्थांमध्ये वर्षानुवर्षं नोकरीत असतात, प्रयोगशाळा सांभाळतात. त्यांना मिळतं ते वेतन, सरळ पगार म्हणा हवं तर.

आणखी एक: 'भरती'ही खटकतं. भरती म्हटलं की जाहिरात, अर्ज, गुणवत्ता यादी डोळ्यांपुढे येते. टायटल ४२, म्हणजे अमेरिकी कायदेसंहितेचा सार्वजनिक आरोग्याविषयीचा भाग. त्यातलं कलम २०९ (एफ) नेमकं उलट सांगतं: सल्लागार नेमताना नागरी सेवेचे कायदे लागू नाहीत. तिथे 'नेमणूक'च हवं.

विचारणा: मग 'सल्लागार' तरी कशाला? 'तज्ज्ञ' करून टाकू?

उत्तर: नका करू. वादाचं मूळच त्या शब्दात आहे. सल्ल्यासाठी दिलेली सूट नेहमीच्या पदांसाठी वापरली, असा मर्यादा मागणाऱ्यांचा आक्षेप. दुसरी बाजू म्हणते, सरकारी वेतनश्रेणीत नावाजलेले संशोधक टिकत नाहीत. तुम्ही 'तज्ज्ञ' लिहिलंत की न कळत दुसऱ्या बाजूचे वकील झालात! 'विशेष सल्लागार' ठेवा आणि पहिल्याच उल्लेखात 'कायद्यातलं पदनाम, प्रत्यक्षात पगारी कर्मचारी' असा खुलासा करा.

आकडे देणार असाल तर जपून. जीएओ या अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेच्या २०१२ च्या अहवालात २००६ मध्ये ५,३६१ आणि २०१० मध्ये ६,६९७ अशी संख्या आहे, पण ती टायटल ४२ खालच्या सगळ्यांची, म्हणजे फेलोही (संशोधनवृत्तीवर नेमलेले) त्यातच. 'इतके सल्लागार' लिहिलंत तर चुकेल.

आणखी एक: 'कॅप'साठी 'वेतनकपात' लिहिलेलं मी पाहिलंय. कपात म्हणजे हातातला पगार कमी होणं. इथे 'कमाल वेतनमर्यादा'.

आणि नुसतं 'टायटल ४२' सोडू नका, कलमही द्या. २०२० ते २०२३ मध्ये सीमेवरून स्थलांतरितांना परत पाठवण्याचा आदेश याच नावाने गाजला. तो कलम २६५ चा. वाचक थेट मेक्सिकोच्या सीमेवर पोचेल.