मदत हवी आहे : ह्युल्केनबर्गला मोठ्या टीमची सीट का मिळाली नाही?

राइनकाठचा

मंडळी, एक मदत हवी आहे. आमच्या ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी फॉर्म्युला वनच्या निको ह्युल्केनबर्गवर लेख लिहितोय. गडी इथलाच, तासाभरावरच्या एमेरिशचा. संपादिकाबाईंची अट एकच : जन्मात रेस न बघितलेल्या वाचकालाही कळलं पाहिजे. मी अडलोय ते तिथेच. माणसाची कारकीर्द मांडता येते, पण "मग त्याला चांगली गाडी का नाही दिली कुणी?" या सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर सापडत नाही.

थोडक्यात मांडतो. २००६-०७ च्या ए-वन जीपीत (देशादेशांच्या संघांची रेस मालिका) जर्मनीला विजेतेपद मिळवून दिलं. २००८ ला फॉर्म्युला थ्री युरो सिरीज जिंकली. २००९ ला जीपी-टू, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालची पायरी, पहिल्याच वर्षी जिंकली; त्याच्याआधी पहिल्या वर्षात हे करणारे रोसबर्ग आणि हॅमिल्टन, आणि ते दोघे पुढे जगज्जेते झाले. २०१० ला विल्यम्समध्ये आला आणि ब्राझीलमधल्या इंटरलागोसच्या अर्धवट वाळलेल्या ट्रॅकवर पोल (रेसला सगळ्यांत पुढून सुटायची जागा) घेतली, तीही दुसऱ्या नंबरच्या वेटेलपेक्षा एका सेकंदाहून जास्त फरकाने! विल्यम्सला २००५ नंतर मिळालेली ती पहिली पोल. काही दिवसांतच त्याला नारळ.

पुढे फोर्स इंडिया, सॉबर, परत फोर्स इंडिया, रेनॉ, मग बेकारी, मग हास, मग परत सॉबर. फेरारी, मर्सिडीज, रेड बुल, मॅकलारेन यांपैकी एकाही गाडीत तो पूर्ण हंगाम काय, एक रेससुद्धा बसला नाही. पहिला पोडियम (म्हणजे पहिल्या तिघांत नंबर) मिळाला ६ जुलै २०२५ ला सिल्व्हरस्टोनला, २३९ व्या रेसमध्ये, एकोणिसाव्या जागेवरून सुरुवात करून. वय ३७.

नेटवर शोधलं तर कुणी म्हणतं पैसा, कुणी वजन, कुणी नशीब, कुणी म्हणतं तो मुळात तेवढा भारी नव्हताच. यातलं मुख्य कारण कोणतं धरावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_पेठकर

पैसा. धागा बंद करा.

स्लिकटायर

पेठकर, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! २०१० च्या शेवटी विल्यम्सचे प्रायोजक निघून चालले होते. टीमला हंगाम काढायला पैसे हवे होते आणि पास्तोर माल्डोनाडोच्या मागे व्हेनेझुएलाची सरकारी तेल कंपनी उभी होती. एवढं बरोबर. पण माल्डोनाडो काही नुसता थैली घेऊन आलेला नव्हता. २०१० चा जीपी-टू विजेता तोच, आणि २०१२ ला बार्सिलोनात त्याच विल्यम्समधून त्याने रेस जिंकून दाखवली. बाकी वेळ तो भिंती मोजत असे, ते वेगळं.

शिवाय विल्यम्सची ती सीट काही "मोठ्या टीमची" नव्हती. पैशाने मधल्या आणि खालच्या टीमांच्या सीटा जातात. फेरारी किंवा मर्सिडीजला ड्रायव्हरच्या पैशाची गरज नसते, तिथे हे कारण लागूच पडत नाही. राइनकाठचा, लेखात हा फरक पहिल्यांदा स्पष्ट करा, नाहीतर वाचक पेठकरांसारखे दोन शब्दांत मोकळे होतील.

मोठ्या टीमचं गणित असं. तेव्हा खऱ्याखुऱ्या जिंकणाऱ्या टीमा तीन-चार, म्हणजे सीटा सहा-आठ. त्यातल्या निम्म्यांवर जगज्जेते वर्षानुवर्षं बसलेले. उरलेल्यांसाठी रेड बुल आपल्या पोरांना लहानपणापासून पोसतं : वेटेल, रिकार्डो. मॅकलारेनने हॅमिल्टनला तसंच वाढवलं. ह्युल्केनबर्ग यातल्या कुणाच्याच घरचा नव्हता. त्याचा मॅनेजर विली वेबर, म्हणजे शूमाकरचा मॅनेजर. नाव मोठं, पण मॅनेजर दार ठोठावतो. घरचा मुलगा आतच असतो.

माधवी_के

वजनाचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, पण २०१३ च्या शरद ऋतूत तो अगदी खरा होता. २०१४ पासून हायब्रिड टर्बो इंजिनं येणार होती, बॅटरीसकट. गाडीचं किमान वजन ६४२ वरून ६९१ किलो केलं, आणि यात ड्रायव्हर धरलेला असतो. तरीही अनेक टीमांना भीती होती की आपली गाडी या आकड्यात बसणार नाही. दहा किलो जादा म्हणजे फेरीमागे साधारण तीन दशांश सेकंद. हलका ड्रायव्हर असेल तर उरलेलं वजन जड धातूच्या रूपात गाडीत हवं तिथे, खाली ठेवता येतं. उंच माणूस तो फायदा नुसता बसल्याबसल्या खाऊन टाकतो.

ह्युल्केनबर्ग १८४ सेंटिमीटर. जेन्सन बटनसुद्धा उंच, त्याने तेव्हा या प्रकाराबद्दल उघड तक्रार केली होती. ड्रायव्हर अक्षरशः उपाशी राहत होते. शेवटी २०१९ ला नियम आला की ड्रायव्हर आणि सीट मिळून ८० किलो धरायचे, कमी भरले तर तेवढं वजन सीटपाशीच ठेवायचं. सहा वर्षं उशिरा!

राइनकाठचा

माधवीताई, ही जड धातूची गोष्ट माहीतच नव्हती, आभार. स्लिकटायर, तुमचा पहिला परिच्छेद जवळजवळ तसाच घेतो, हरकत नसावी.

पण मग २०१३ मध्ये नक्की काय झालं? तेव्हा तो सॉबरमध्ये होता आणि मोंझाला फेरारीच्या अंगणात तिसऱ्या जागेवरून सुटला होता.

स्लिकटायर

खुशाल घ्या.

२०१३ हेच तुमच्या लेखाचं पोट आहे. फेरारीत फिलिपे मासा या ड्रायव्हरची जागा मोकळी होणार हे जगजाहीर होतं. मोंझाची रेस झाली ८ सप्टेंबरला, आणि ११ तारखेला फेरारीने जाहीर केलं : राइकोनेन. २००७ चा जगज्जेता, फेरारीतूनच झालेला, आणि त्या वर्षी मेलबर्न जिंकलेला. आता तुम्ही फेरारीचे मालक असाल तर सॉबरवाल्या पोराला घ्याल की त्याला?

राइकोनेन गेल्याने लोटसची जागा उघडली. तिथल्या साहेबांना, एरिक बुलिएना, ह्युल्केनबर्गच हवा होता. पण लोटसचे खिसे फाटलेले. राइकोनेन गेला त्याचं एक कारणच थकलेला पगार. एका गुंतवणूकदाराचे पैसे येणार येणार म्हणून सगळे थांबले, ते काही आले नाहीत, आणि नोव्हेंबरात सीट गेली... माल्डोनाडोकडे. परत! मॅकलारेनने त्यांचा ड्रायव्हर पेरेझला काढलं आणि स्वतःच्या घरचा माग्नुसन आणला. दोन-तीन महिन्यांत तीन दारं उघडून बंद झाली, प्रत्येक वेळी कारण वेगळं. कोकणात जायचं तिकीट दरवेळी वेटिंग एकवर अडकावं आणि चार्ट लागावा, तसं.

गंमत अशी की लोटसची ती सीट न मिळाल्याने तो वाचला. २०१४ ला लोटसच्या दोघांनी मिळून दहा गुण मिळवले, याने फोर्स इंडियात एकट्याने ९६.

तात्या_मोटारवाले

सगळ्यांनी मिळून त्याला देव्हाऱ्यात बसवायचं ठरवलंय असं दिसतं. मी जरा उलट बोलतो.

ब्राझील २०१२. फोर्स इंडियामधून हा रेसमध्ये आघाडीवर! ओल्या ट्रॅकवर हॅमिल्टनला आतून गाठायला गेला, मागचा भाग सुटला, धडकला, हॅमिल्टन बाद, याला दंड, पाचवा आला. बाकू २०१७ : पुढच्या गाड्या एकमेकांत अडकल्या होत्या, पोडियम समोर होता, हा भिंतीला लागला. त्या दिवशी तिसरा कोण आला? लान्स स्ट्रोल, पहिल्याच हंगामातला. हॉकेनहाइम २०१९ : स्वतःच्या देशात, पावसात, पहिल्या चारात असताना घसरला. टोरो रोसोचा क्व्यात तिसरा आला.

आणि पेरेझ? तीन वर्षं फोर्स इंडियात याच्या शेजारच्या गाडीत, तीच गाडी. २०१४ ला गुणांत ह्युल्केनबर्ग पुढे (९६ विरुद्ध ५९), नंतरची दोन्ही वर्षं पेरेझ पुढे. पण मुख्य फरक गुणांचा नाही. त्या तीन वर्षांत पेरेझचे पोडियम चार : बहरीन, सोची, मोनॅको, बाकू. याचा शून्य. मोठी टीम ड्रायव्हर घेते तेव्हा तिला रोज सातवा येणारा नको असतो. सातव्या गाडीतून एका वेड्या दिवशी तिसरा येणारा हवा असतो, कारण तिची गाडी तशीही पुढेच असणार, आणि वेड्या दिवशी रेस जिंकायची असते.

खडूस_पेठकर

तात्यांशी सहमत. लिहून ठेवा, महिन्यातून एकदा होतो.

माधवी_के

तात्या, अर्धं मान्य. पण हॉकेनहाइमचं उदाहरण अन्यायाचं आहे. त्या कोपऱ्याच्या बाहेरची पट्टी पावसात बर्फासारखी झाली होती. तिथे लक्लेर फेरारी ठोकून बाद झाला, आघाडीवरचा हॅमिल्टनसुद्धा तिथेच भिंतीला लागला. त्यांना कुणी "दबावात ढासळतो" म्हणालं नाही. त्यांच्याकडे आधीचं भांडवल होतं, एका चुकीचा खर्च त्यातून भागला. मधल्या टीमच्या ड्रायव्हरला वर्षात अशी एकच संधी येते, आणि ती हुकली की तीच त्याची ओळख होते.

शिवाय २०१५ चं ल मां विसरलात. पोर्शे ९१९, सोबत अर्ल बॅम्बर आणि निक टँडी, तिघांनी २४ तासांची रेस जिंकली. चालू फॉर्म्युला वन ड्रायव्हरने ल मां जिंकण्याची १९९१ नंतरची ती पहिली वेळ. दबाव म्हणे!

तात्या_मोटारवाले

ल मां कबूल. पण तिथे तिघांत वाटून घेता येतं हो ताई.

अंधेरीकर

अवांतर : फोर्स इंडिया नावाच्या टीमने अख्ख्या हयातीत एकही भारतीय ड्रायव्हर रेसमध्ये उतरवला नाही, यावर कुणी लेख लिहील का? मुंबईचा जेहान दारूवाला त्यांच्याच शोधमोहिमेतून निवडला गेला होता, पुढे रेड बुलच्या ज्युनियर कार्यक्रमात पोचला, फॉर्म्युला टूमध्ये रेस जिंकल्या, आणि शेवटी फॉर्म्युला ई. म्हणजे घरचा मुलगा असूनही दार उघडेलच असं नाही. २०२२ चा फॉर्म्युला टू विजेता द्रुगोविच आणि २०२३ चा पुरशेअर यांनाही कायमची सीट मिळाली नाही. त्या मानाने तुमच्या ह्युल्केनबर्गने भरपूर खाल्लं.

राइनकाठचा

अंधेरीकर, पटलं. त्यावर वेगळा धागा काढाच.

दोन प्रश्न राहतात. डिसेंबर २०१६ मध्ये रोसबर्ग जगज्जेता होऊन पाच दिवसांत निवृत्त झाला. मर्सिडीजची सीट रिकामी, टीम जर्मन, ह्युल्केनबर्ग जर्मन. तरी बोटास? आणि २०२० ला रेड बुलने याला बाजूला का केलं?

स्लिकटायर

पहिल्याचं उत्तर कळलं की सगळंच कळतं. रोसबर्गने २ डिसेंबरला सांगितलं. ह्युल्केनबर्गने ऑक्टोबरमध्येच रेनॉशी करार केला होता. लोक म्हणतात, करार होता म्हणून गेला. पण बोटासचाही विल्यम्सशी करार होताच की! फरक असा की विल्यम्सच्या गाडीत इंजिन मर्सिडीजचं. देवाणघेवाण करता येत होती, मासाला निवृत्तीतून परत आणून विल्यम्सची सोय झाली, आणि बोटासला मर्सिडीजचा प्रमुख टोटो वोल्फ आधीपासून ओळखत होता, त्याच्या व्यवस्थापनात त्याचा वाटा होता. रेनॉ मात्र स्वतःची इंजिनं बनवणारी, मर्सिडीजची प्रतिस्पर्धी. ती आपला नवा कोरा ड्रायव्हर का देईल? आणि आता कळ लागते ती जागा : फोर्स इंडियाच्या गाडीतही इंजिन मर्सिडीजचंच होतं. दोन महिने तिथेच थांबला असता तर निदान नाव तरी यादीत आलं असतं. पण ऑक्टोबरमध्ये हे कोण सांगणार होतं? गाड्या बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची टीम सोडून मधल्या टीममध्ये थांबणं तेव्हा वेडेपणा ठरला असता.

२०२० चं तात्यांनीच सांगावं, त्यांचा लाडका पेरेझ आहे.

तात्या_मोटारवाले

सांगतो. ह्युल्केनबर्ग २०२० ला बेकार होता, रेनॉने त्याच्या जागी ओकॉनला घेतलं होतं. पण कोव्हिडमुळे रेसिंग पॉइंटचे (जुन्या फोर्स इंडियाचे) ड्रायव्हर पेरेझ आणि स्ट्रोल आजारी पडले की यालाच फोन. सिल्व्हरस्टोनच्या दुसऱ्या रेसला तिसऱ्या जागेवरून सुटला, सातवा आला. नंतर नूरबर्गरिंगला स्ट्रोल शनिवारी सकाळी आजारी. हा कोलोनला मित्राबरोबर कॉफी पीत बसलेला. फोन आला, गाडी काढली, सराव शून्य, शेवटून सुटला आणि आठवा आला. इथे मीही टोपी काढतो.

रेड बुलला त्यांचा ड्रायव्हर आल्बनच्या जागी कुणीतरी हवा होता, दोघं यादीत. तेवढ्यात ६ डिसेंबरला बहरीनमधल्या साखिरला पेरेझ पहिल्या फेरीत शेवटी फेकला गेला आणि तिथून रेस जिंकला. १८ तारखेला करार जाहीर. सांगितलं ना, वेडा दिवस. एकाकडे तो होता, दुसऱ्याकडे कॉफी.

राइनकाठचा

तात्या, शेवटचं वाक्य चोरतोय.

आता आराखडा बदलला. पोलपासून सुरू करण्याऐवजी सरळ ऑक्टोबर २०१६ च्या सहीपासून सुरू करतो, तिथून मागे २०१३, मग साखिर. माझं मत सध्या असं झालंय की वेगाने त्याचं नाव यादीत यायचं, पण निवड मात्र इंजिन कुणाचं, मॅनेजर कुणाचा, आणि मागच्या पंधरवड्यात काय घडलं यावर व्हायची. वजनाला एक परिच्छेद. तात्यांच्या आरोपपत्राला एक, आणि त्यालगत माधवीताईंचा बचाव. सिल्व्हरस्टोन २०२५ शेवटी न घेता मध्येच कुठेतरी उरकावं म्हणतो, नाहीतर सिनेमा होईल.

माधवी_के

उरका, पण त्या वर्षीचा सिल्व्हरस्टोनचा करंडक लेगोचा होता, ते नक्की लिहा. पंधरा वर्षं थांबून मिळाला तोही खेळण्याचा! मुलं असलेले वाचक तेवढं तरी वाचतील.

खडूस_पेठकर

आणि फोटो नेटवरून उचलू नका. छापील अंक आहे, मोटरस्पोर्टचे फोटोवाले बिल पाठवतात. पुढील लेखनास शुभेच्छा.