शब्दचर्चा : नरसंहार, वंशसंहार की हत्याकांड?

प्रश्न (तिवसा, अमरावती)
गावच्या वाचनालयात आफ्रिकेतल्या रवांडातल्या 1994 च्या कत्तलीवर भित्तिपत्रक लावायचं आहे. एका पेपरात 'नरसंहार' छापलंय, दुसऱ्यात 'वंशविच्छेद', तिसऱ्यात 'हत्याकांड'. भाषणांत तर कास्तकारांच्या आत्महत्यांनाही 'नरसंहार' म्हणतात. नेमका शब्द कोणता धरावा? आणि किती माणसं मेली म्हणजे वंशसंहार?

उत्तर (वकील, उमरखेड)
भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो, गोंधळ तिथंच आहे. कायद्यात आकडाच नाही, हेतू आहे. राफेल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेतज्ज्ञाने 1944 साली 'जिनोसाइड', म्हणजे आपला 'वंशसंहार', हा शब्द घडवला. ग्रीक 'जेनोस' म्हणजे वंश किंवा जमात, आणि लॅटिनमधून आलेला 'साइड' म्हणजे मारणं. 9 डिसेंबर 1948 ला संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार मंजूर केला, 12 जानेवारी 1951 पासून तो लागू झाला, भारताने 1959 मध्ये त्याला मान्यता दिली.

करार चारच प्रकारचे गट धरतो : राष्ट्रीय, वांशिक, वर्णावरून ओळखले जाणारे आणि धार्मिक. असा गट, गट म्हणूनच, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करायच्या हेतूने केलेली पाच कृत्यं त्यात येतात. माणसं मारणं, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणं, ती जगूच शकणार नाहीत अशी परिस्थिती मुद्दाम लादणं, जन्म रोखणं आणि मुलं हिसकावून दुसऱ्या गटाकडे देणं. म्हणजे एकही गोळी न झाडता वंशसंहार होऊ शकतो. लोकांच्या हे लक्षात येत नाही. कट, उघड चिथावणी, प्रयत्न आणि साथ देणं हेही गुन्हेच.

अडतं ते हेतू सिद्ध करताना. 'यांना संपवा' असा लेखी हुकूम सहसा सापडत नाही. मग न्यायालय आदेशांची साखळी, भाषणं, याद्या, कोणाला निवडून मारलं आणि कोणाला सोडलं, हे सगळं जोडून पाहतं. जुलै 1995 मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात 8,000 च्या आसपास मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. गाव एकच, तरी तो वंशसंहार ठरला, कारण पुरुष संपवले की तिथला समाज पुन्हा उभा राहणार नाही, हे मारणाऱ्यांना माहीत होतं. उलट कंबोडियात 1975 ते 79 मध्ये 15 लाखांहून जास्त माणसं गेली. 2018 च्या निकालात वंशसंहाराचा दोष चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी लोकांपुरता धरला. ख्मेर या तिथल्या बहुसंख्य समाजातल्या मृतांबाबत शब्द आला 'मानवतेविरुद्धचे गुन्हे'. शिक्षा त्यालाही तितकीच कडक असते.

उत्तर (मराठीच्या शिक्षिका, सिंदेवाही)
मराठीच्या बाजूनं सांगते. 'हत्याकांड' म्हणजे एका ठिकाणी, एका घटनेत झालेल्या हत्या. 'नरसंहार' मोठ्या प्रमाणावरच्या कत्तलीला. त्यात हेतूची अट नाही. 'वंशसंहार' किंवा 'वंशविच्छेद' मात्र करारातल्या अर्थासाठीच राखावा. 'वंश' आला म्हणून तो फक्त रक्ताच्या नात्याचा समजू नका, त्यात धर्म आणि राष्ट्रही येतं. 'निर्वंश' वापरू नका. तो आपल्याकडं शिव्याशापाचा शब्द आहे आणि एका घराण्यापुरता.

खैरलांजीला (भंडारा जिल्हा, 29 सप्टेंबर 2006) आपण 'हत्याकांड' म्हणतो, ते बरोबर आहे : एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. करारात 'जात' हा शब्द नाही. पण त्यावरून जातीय अत्याचार लहान ठरत नाही, त्यासाठी 1989 चा स्वतंत्र कायदा आहे. कास्तकारांच्या आत्महत्यांचं दुःख खरं आहे आणि धोरणांना जाब विचारायलाच हवा. पण तिथं 'नरसंहार' घातला की चर्चा कर्ज, कापसाचा भाव, सिंचन यांवरून घसरून शब्दावर जाते.

प्रश्न (तिवसा)
ताई, आणि रवांडातल्या कत्तलीची कारणं? 'जुनं वैर' एवढंच लिहू का?

उत्तर (इतिहासाचे प्राध्यापक, पुसद)
नका लिहू. वैर तर सगळीकडं असतं. रवांडात बेल्जियन राजवटीने 1930 च्या दशकात ओळखपत्रावर माणूस हुतू की तुत्सी, म्हणजे तिथल्या दोन मुख्य समाजांपैकी कोणता, ते छापलं. 1994 मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड पाहून माणूस मारायचा की सोडायचा, हे ठरत होतं. 1990 पासून यादवी, हुतू राजवटीला सत्ता जाण्याची धास्ती, जमिनीची टंचाई, आणि आधी झालेल्या कत्तलींना शिक्षा नाही. वर आरटीएलएम रेडिओ, जो तुत्सींना 'इन्येन्झी' म्हणजे झुरळं म्हणत होता.

इथं आपल्या भागानं कान टवकारावेत. 'नायनाट' हा शब्द पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचा, फवारणीच्या डब्यावरचा. तो आणि 'कीड' हे शब्द एखाद्या समाजासाठी सभेत वापरले जाऊ लागले, तर ती धोक्याची खूण समजा.

प्रश्न (वरोरा, चंद्रपूर)
आणि आजच्या घटना? रोहिंग्या, गाझा?

उत्तर (वकील, उमरखेड)
म्यानमारविरुद्ध गांबियाने 2019 मध्ये आणि इस्रायलविरुद्ध दक्षिण आफ्रिकेने 29 डिसेंबर 2023 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा केला. दोन्हीत अंतरिम आदेश आले. अंतरिम आदेश म्हणजे निकाल नव्हे. म्हणून 'वंशसंहाराचा दावा' लिहा. इराकमधल्या यझिदी या अल्पसंख्य धार्मिक समाजाच्या बाबतीत मात्र 2021 मध्ये जर्मनीतल्या न्यायालयाने आयसिसच्या एका सदस्याला वंशसंहारासाठी दोषी धरलं आहे. भारतात भारतीय न्याय संहितेत या नावाचा वेगळा गुन्हा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये हीच उणीव नोंदवली होती.

उत्तर (शिक्षिका, सिंदेवाही)
भित्तिपत्रकासाठी वाक्य : '1994 मध्ये एप्रिल ते जुलै, सुमारे 100 दिवसांत, रवांडात हुतू अतिरेकी राजवटीने तुत्सींचा वंशसंहार केला.' 'वंशसंहार झाला' नको, 'केला' लिहा, म्हणजे कर्ता दिसतो. विरोध करणारे बरेच हुतूही मारले गेले. त्यांच्यासाठी वेगळं वाक्य करा आणि त्यात 'हत्या' हा शब्द ठेवा.