अथीनाने न्याय केला की बाजू घेतली?

उंबरठा

इस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीबद्दल (इ.स.पू. ४५८) बोलायला लागलं की एक वाक्य हमखास येतं: सूड संपला, कायदा आला. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॉयला निघालेलं आरमार ऑलिसच्या बंदरात वाऱ्यामुळे अडकतं. आर्टेमिस देवीचा कोप शमावा म्हणून अगामेम्नॉन पोटच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी देतो. तिने मरताना घराण्याला शाप देऊ नये म्हणून तिच्या तोंडात बोळा कोंबतात. युद्ध जिंकून तो परततो तेव्हा बायको, क्लायटेम्नेस्ट्रा, त्याला न्हाणीत वस्त्रात गुरफटवून मारते. मग मुलगा ऑरेस्टीस अपोलो देवाच्या हुकमाने आईला मारतो. सूडदेवता, म्हणजे एरिनीज, त्याच्या मागे लागतात आणि प्रकरण अथेन्सला अरिओपॅगसच्या टेकडीवर पोचतं. तिथे देवी अथीना पंच नेमून खटला चालवते.

आता खटला बघा. अपोलोचा युक्तिवाद असा: आई ही जन्मदाती नव्हेच, ती फक्त बापाचं बीज सांभाळते. पुरावा काय, तर समोर बसलेली अथीना, देवांचा राजा झ्यूस याच्या डोक्यातून जन्मलेली. आणि अथीना काय म्हणते? मला कुणा आईने जन्म दिलेला नाही, लग्न सोडलं तर सगळ्या बाबतीत मी पुरुषाच्या बाजूची. मतं समसमान पडली तरी ऑरेस्टीस सुटेल, हे तिने आधीच जाहीर केलेलं असतं. पडतात. सुटतो.

इफिजेनियाचं नाव या खटल्यात एकदाही निघत नाही. मुळात जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं तीच गायब!

चिंतोपंत

असहमत. तुम्ही निकालपत्र वाचताय, नाटक नाही.

पहिली गोष्ट काळाची. इ.स.पू. ४६२च्या सुमारास एफिआल्टीस या अथेन्सच्या नेत्याने अरिओपॅगसचे (त्या टेकडीवर भरणाऱ्या सभेचे) बहुतेक राजकीय अधिकार काढून घेतले, खुनाचे खटले तेवढे ठेवले. त्यानंतर लवकरच त्याचा खून झाला. प्रेक्षकांच्या आठवणीत हे सगळं ताजं आहे, आणि रंगमंचावर अथीना सांगतेय की बाबांनो, आपसात रक्त सांडू नका. त्यांच्यासाठी हा घरचा प्रश्न होता. स्त्री विरुद्ध पुरुष एवढ्यात तो मावत नाही.

दुसरं, समसमान मतं. म्हणजे अपोलोचं वक्तव्य ऐकूनही निदान निम्म्या पंचांना ते पटलं नाही. इस्किलसला तुम्ही म्हणता तसा पुरुषांचा विजय दाखवायचा असता तर दणदणीत बहुमत दाखवायला कोण अडवणार होतं?

आणि क्लायटेम्नेस्ट्राला फार डोक्यावर घेऊ नका. कसांड्राने कुणाची मुलगी मारली होती? युद्धात पकडून आणलेली ती बाई, तिलाही हिने त्याच दिवशी मारलं. वर प्रेतांपाशी उभी राहून अभिमानाने सांगते.

उंबरठा

कसांड्राचा मुद्दा मान्य, क्लायटेम्नेस्ट्रा निर्दोष आहे असं मी म्हणतच नाही. पण कसांड्रासाठी तरी कुणी खटला चालवला का? तिच्या नावाने एकही सूडदेवता उठत नाही.

शिवाय रक्त थांबतं ते कधी, तर पुरुषाने आपला सूड घेऊन झाल्यावर. शेवटी अथीना एरिनीजना समजावते, मानाची जागा देते, लाल वस्त्रं देते, पण बोलता बोलता हेही सुनावते की झ्यूसचं वज्र ठेवलेल्या खोलीच्या किल्ल्या कुठे असतात ते मला ठाऊक आहे. याला मन वळवणं म्हणायचं?

रात्रपाळी

मला दोघांपेक्षा दैवाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. या त्रयीत प्रत्येक जण खून करून वर बोट दाखवतो. अगामेम्नॉनबद्दल वृंद (नाटकातला गाणारा समूह) म्हणतो, त्याने अपरिहार्यतेचं जू मानेवर घेतलं. पण त्याआधी तो बोलतो ना: आज्ञा मोडणं जड, मुलीला मारणंही जड. म्हणजे वाटा दोन होत्या, त्याने एक निवडली.

क्लायटेम्नेस्ट्राही तेच करते. मी नाही, या घराण्यामागे लागलेल्या पिशाच्चाने माझ्या रूपात मारलं, असं म्हणते. वृंद लगेच विचारतो, तू निर्दोष असल्याची साक्ष कोण देणार? आणि ऑरेस्टीस 'अपोलोने सांगितलं' म्हणतो, तेव्हा खुद्द अपोलो साक्षीला हजर! सबब साधारण तीच, पण देव कुणाच्या बाजूने न्यायालयात येतो आणि कुणाच्या नाही यावर निकाल ठरतो. आर्टेमिसला कुणी बोलावलंच नाही.

होमर यापेक्षा रोखठोक आहे. 'ओडिसी'च्या सुरुवातीलाच झ्यूस कुरकुरतो की माणसं उगाच आमच्या नावाने खडे फोडतात, एजिस्थसला, म्हणजे क्लायटेम्नेस्ट्राच्या प्रियकराला, हर्मीस या देवदूताकरवी आधीच बजावलं होतं, तरी त्याने करायचं ते केलंच.

पानसुपारी

बीज आणि क्षेत्र! मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हेच आहे, बाई म्हणजे शेत, पुरुष म्हणजे बी, आणि बी श्रेष्ठ. अपोलोला आपल्याकडेही वकिली मिळाली असती :)

चिंतोपंत

पानसुपारी, विषयांतर नको, नाहीतर धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

मोरपंखी

चिंतोपंत, अपोलोचं म्हणणं प्रेक्षकांना खरंच पटलं असेल का, ही शंका मलाही आहे. हेसिअड या जुन्या ग्रीक कवीच्या काव्यात झ्यूस आपल्या गरोदर बायकोला, मेटिसला, गिळतो आणि मग डोक्यातून अथीना बाहेर येते. ही कथा अथेन्सच्या प्रेक्षकांना माहीत असणारच. म्हणजे 'मला आई नाही' म्हणणाऱ्या देवीची आई तिच्या बापाच्या पोटात आहे. आणि या नाटकानंतर सातच वर्षांनी, इ.स.पू. ४५१ला, अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचा कायदा आला: नागरिकत्वासाठी आई-बाप दोघेही अथेन्सचे हवेत. बीजच सगळं असतं तर आईचं कूळ कशाला तपासलं?

मला वाटतं इस्किलसने तो लंगडा युक्तिवाद जाणूनबुजून लंगडा ठेवलाय.

उंबरठा

मेटिसचा मुद्दा झकास. पण जाणूनबुजून? मग दुसऱ्या नाटकातली दाई आठवा. ऑरेस्टीस मेल्याची खोटी बातमी ऐकून ती रडते, त्याची दुपटी कशी धुतली, रात्री कशी उठले ते सांगते. लगेच पुढे क्लायटेम्नेस्ट्रा स्तन दाखवून म्हणते, यावर तू वाढलास. इस्किलसने आधीच दाईला उभं करून आईचा तो दावा पोकळ करून ठेवलाय. खटल्यात अपोलो जे बोलतो त्याची मशागत तिथूनच सुरू आहे. हा लंगडेपणा नव्हे, तयारी आहे.

चिंतोपंत

पण त्याच प्रसंगात ऑरेस्टीसचा हात थांबतो की. सोबतच्या मित्राला, पिलाडीसला, विचारतो, काय करू, आईला मारायला कचरू का? अख्ख्या नाटकात गप्प असलेला पिलाडीस तीन ओळी बोलतो, अपोलोच्या आज्ञेची आठवण देतो, आणि मग खून होतो. आईपणाचा दावा इतका पोकळ असता तर तो थांबला का?

रात्रपाळी

थांबला, आणि देवाचं नाव निघाल्यावर पुढे गेला. अगामेम्नॉनही ऑलिसला असाच थांबला होता. नंतरचा नाटककार युरिपिडीस याच्या, याच कथेवरच्या 'इलेक्ट्रा'त तर कॅस्टर हा देव स्वतःच म्हणतो की अपोलो शहाणा, पण त्याने दिलेली आज्ञा शहाणपणाची नव्हती. चिंतोपंत, तुमच्या पंचांपुढे ही साक्ष आली असती तर मतं समसमान पडली असती का?