बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष गुंडाळायला नको होता

कोकणी माणूस:
१९४२ साली बाबासाहेबांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हा अस्पृश्यांचा पक्ष निघाला आणि सगळ्या मजुरांसाठी त्यांनीच काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष मागे पडला. मला याची आजही हळहळ वाटते. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती, म्हणजे कोकणात खोताने कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर धडकला. महार आणि कुणबी एकत्र आले, कारण खोताचा जाच दोघांनाही होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या सोबतीने संप झाला. राष्ट्र अशानेच घडतं.

विणखाते:
जाच एक असेल, पाणवठा एक होता का? गिरण्यांचंच घ्या. विणखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि सवर्ण कामगाराला त्या थुंकीचा विटाळ होई. ही आडकाठी मालकाने नव्हे, सोबतच्या मजुराने घातली होती. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला. अशा मजुरांचा एक वर्ग आहे असं आधीच धरून कसं चालायचं?

कोकणी माणूस:
विटाळाचं नाकारत नाही. पण तो मोडायचा तर एका संघटनेत राहूनच मोडेल ना? फेडरेशनच्या नावातच कुणब्याला दार बंद झालं.

साधा वाचक:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटतेय. १९४७ मध्ये याच फेडरेशनतर्फे बाबासाहेबांनी जे निवेदन तयार केलं, त्यात मूलभूत उद्योग आणि शेतजमीन सरकारच्या मालकीची करा, अशी मागणी आहे. मग वर्गाचा प्रश्न सोडला कुठे? १९४२ला भारताच्या भावी राज्यघटनेबद्दल ब्रिटिश सरकारची क्रिप्स योजना आली. वाटाघाटी समाजांच्या प्रतिनिधींशी चालल्या होत्या आणि अस्पृश्यांच्या पदरात काहीच पडत नव्हतं. त्या घडीला मजूर पक्षाच्या नावावर कोण ऐकून घेणार होतं?

विणखाते:
अगदी बरोबर. आणि राष्ट्राचं म्हणाल तर २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण वाचा. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असं त्यांनी संविधान सभेतच विचारलं.

कोकणी माणूस:
वाचलंय, म्हणूनच हळहळतो. जमिनीची मागणी कागदावर आली तेव्हा तिच्यामागे उभा राहणारा कुणबी सोबत उरला नव्हता.

विणखाते:
त्याला फेडरेशनने अडवलं नव्हतं. मागणी त्याच्याही फायद्याची होती, त्याने यायला हवं होतं.