बँडिंगनंतर गिळताना अडकतं, आंबट पाणी वर येतं

ऐरोलीकर:
बाबांना सिरोसिस (यकृत निबर होण्याचा आजार) आहे, पोटात थोडं पाणीही. अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांना काल ५ रबरी बँड टाकले. घास छातीत अडकतो, आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. इंजेक्शनवाल्या उपचाराने नळी अरुंद होते असं ऐकलंय, बँडनेही होते का? आणि गोळ्या कुटून दिल्या तर चालतील? पँटोप्राझोल ४० (आम्ल कमी करणारी) आणि कार्व्हेडिलॉल (शिरांतला दाब कमी करणारी) चालू आहे.

स्कोपरूम:
पँटोप्राझोल कुटू नका. तिच्यावरचं आवरण फुटलं की गोळी पोटातल्या आम्लातच वाया जाते. नाश्त्याच्या अर्धा तास आधी अख्खी द्या. कार्व्हेडिलॉलची साधी गोळी कुटून चालते, पण ती खाण्यासोबत द्यायची. वरचं बीपी ९० च्या खाली गेलं तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

अडकण्याचं म्हणाल तर, शीर आत ओढून रबरी रिंगने आवळलेली असते. तो गोळा सुकून साधारण ५ ते १० दिवसांत रिंगसकट गळतो. तोवर नळीच्या खालच्या टोकाला पाच गाठी उभ्या आहेत, अडकणारच. बहुतेकांना २-३ दिवसांत सुसह्य होतं. थुंकीसुद्धा उतरेना झाली तर मात्र घरी थांबू नका, सलाईन लागतं.

पहिले २४ तास पातळ आणि गार किंवा कोमट: दूध, नाचणीची पेज, मुगाचं कढण. मग आठवडाभर गुरगुट्या भात, मऊ खिचडी, कुस्करलेलं अंडं. भाकरी, चिवडा, काट्याचे मासे नकोत. रिंग वेळेआधी निघाली तर खालची जखम उघडी पडते. दुखलं तर पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नाही.

नाडीपरीक्षक:
इंजेक्शनचं औषध भिंतीत खोल झिरपतं. तिथे व्रण, मग वण, त्यातून नळी आखडते आणि तिची हालचालही मंदावते. बँड फक्त आतलं अस्तर पकडतो, स्नायूचा थर बाहेर राहतो, म्हणून अरुंदपणा क्वचितच. ३-४ आठवड्यांनंतर पाणी उतरतं पण चपाती अडकते असं झालं तर पुन्हा स्कोपी (दुर्बिणीची तपासणी). अरुंद झालीच तर फुग्याने रुंदावता येते.

आंबट पाण्याचा दोष बँडपेक्षा पोटातल्या पाण्याला द्या, ते जठर वर दाबतं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सुकट, सुके बोंबील, पापड, लोणचं बंद. इनोही नको, त्यात सोडियमच सोडियम. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ६ इंच उंची द्या. उशांची चळत लावली तर पोट दुमडून त्रास वाढतो. सिरोसिसमध्ये रात्री उपाशी झोपवायचं नसतं (स्नायू झिजतात), पण शेवटचं खाणं झोपेच्या दोन तास आधी उरका. पँटोप्राझोल बँडखालचे व्रण भरण्यापुरती. गरज नसताना महिनोन्महिने चालली तर पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ती कधी थांबवायची हे पुढच्या भेटीत विचाराच.

ऐरोलीकर:
गणपतीला गावी न्यायचं म्हणतायत, दहा दिवसांनी.

स्कोपरूम:
आत्ता नको. रिंगा गळल्यावरचे व्रण पहिल्या दोन आठवड्यांत रक्तस्राव करू शकतात. डांबरासारखी चिकट काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली की तडक १०८. तेव्हा जवळपास स्कोपी होणारं रुग्णालय हवं, कोकणातल्या वाडीत ते कुठून आणणार? २ ते ४ आठवड्यांनी पुढची बँडिंगही असेल, ती तारीख बघून ठरवा.